स्वतःच्या शब्दांत

अर्ज चार पानी. जाड कागद, हस्तिदंती रंग,
डोक्यावर संस्थेचं बोधचिन्ह: एक कर्णा
आणि त्याखाली लॅटिन असावं असं काहीतरी.
जनसंपर्कातल्या ज्येष्ठांची संस्था.
ज्येष्ठ म्हणजे किमान वीस वर्षं. माझी एकतीस झाली.
सूचक फिरदौस बिलिमोरिया, अनुमोदक गुप्तेबाई.
बिलिमोरिया म्हणाला, "शैला, तू अजून बाहेरच होतीस?
मला वाटायचं, तू कधीचीच आत."

पहिली तीन पानं एका चहात भरली.
हुद्दा, अनुभव, हाताळलेली संकटं;
खरंच असा रकाना होता, त्याला पाच ओळी.
अडले ती चौथ्या पानावर:
आपणांस सभासद का व्हायचे आहे?
दीडशे शब्द. स्वतःच्या शब्दांत.

स्वतःच्या.

माझे तर वाटून झालेत.
तीन अध्यक्षांच्या भाषणांत गेले बरेच.
त्यातला एक निरोपाच्या दिवशी माझ्या परिच्छेदावर रडला
आणि व्यासपीठावरून उतरताना मला म्हणाला,
"तिसऱ्या ओळीला जमलं ना?"
खेदजनक, नियंत्रणात, सखोल चौकशी,
ही तर माझ्या हाताखाली वाढलेली पोरं.
माहुलची टाकी फुटली त्या रात्री
मी 'मेले' लिहिलं होतं. वरून 'दगावले' होऊन आलं,
मग 'बाधित'.
बाधित मी स्वच्छ टाईप केलं, दोन प्रतींत.
सांजदैनिकाचा झेंडे दर अर्ध्या तासाने फोन करी,
"बाई, आकडा सांगा. नुसता आकडा."
मी त्याला म्हटलं, या ना चहाला.
तो आला नाही. आकडा त्याला दुसऱ्या कुणी दिला.
बरं झालं.
हे त्या पाच ओळींत नाही.

आणि एक आंतर्देशीय पत्र आहे, पेन्सिलीने लिहिलेलं.
साहेबांच्या सहीने मी सांत्वनाचं पत्र धाडलं होतं,
त्याला आलेलं उत्तर:
साहेब, पत्र पोचले. धाकट्याला वाचून दाखवले.
ह्यांना शनिवारचे पोहे आवडत
हे तुम्हाला कसे हो कळले?
मी कँटीनला फोन करून विचारलं होतं.
साहेबांनी कोपऱ्यात लिहिलं, 'फाइल', आणि पाठवलं माझ्याकडे.
फाइल केलं नाही.
पुरस्कार व सन्मान या रकान्यात काय भरायचं
याचा दोन दिवस विचार केला,
मग लिहिलं: निरंक.

दीडशे शब्द शेवटी जमले. एकशे अठ्ठेचाळीस.
वाचून पाहिले तर दुसऱ्या कुणासाठी लिहिल्यासारखे,
चांगलेच होते.

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला, जाळीच्या दाराची लिफ्ट.
गोदीकडून डिझेलचा वास येत होता, खिडक्या लावून घेतल्या.
पितळी पिन लावताना सचिवांचा हात थरथरला,
छातीवरच्या पट्टीवर 'कारखानीस'चं 'कारखानिस' झालेलं.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासल्यात,
पण मी काही बोलले नाही.
सगळे एकमेकांना ओळखत होते
आणि कुणीच पूर्ण वाक्य बोलत नव्हतं;
वाटलं, ही माणसं घरी तरी बोलत असतील का,
की सकाळी बायकोलाही
'याबाबत योग्य वेळी कळवण्यात येईल'?
हसू आलं. मग आठवलं,
मी मुलीला परवाच असं म्हटलं होतं.

समारंभ संपता संपता सचिव जवळ आले, कानाशी:
"कारखानीसबाई, उद्याच्या पेपरांना चार ओळी लागतील.
तुमच्या हाताला सवय आहे."
तिथंच, समोशाची बशी सरकवून, लिहायला बसले.
नवीन सभासदांचे स्वागत करण्यात आले.
नवीन सभासदांनी आनंद व्यक्त केला.
खाली नावं, आडनावांच्या क्रमाने.
सचिवांनी वाचलं, म्हणाले, "उत्तम. नेहमीप्रमाणे."
पिना मात्र सहा वाटल्या होत्या
आणि नावं पाच.

कागद परत मागून घेतला.
क्रमात आता जागा नव्हती.
समासात लिहिलं, आडवं, पेनाने,
ती वेलांटी जरा जास्तच लांब काढून.